दुसरा द्रोण

तळोद्याच्या बाजारात सलाउद्दीन मणियाराला लोक दोन गोष्टींसाठी ओळखत. एक त्याच्या लाखेच्या बांगड्या. तापीकाठापासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत तशी लालभडक बांगडी दुसऱ्या कुणाला जमत नसे. आणि दुसरं त्याचं तळ्यांचं वेड. आता माणसाला वेड असू नये असं कोण म्हणतं? कुणाला कुस्तीचं असतं, कुणाला पत्त्यांचं. पण हा बाबा, ज्वारी खळ्यावरून घरात आली आणि थंडी पडली, की खांद्यावर पडशी टाकून डोंगरात शिरायचा. कशाला? तर तळी बघायला! मासे धरायचे नाहीत, पाखरं मारायची नाहीत, नुसतं काठावर बसायचं आणि पाण्याकडे बघत राहायचं. लाख आणायला जातो असं तो सांगे, आणि आणायचाही, नाही असं नाही. पण लाख काय, पायथ्याच्या बाजारातही मिळत होती. त्याची बायको अख्तरबानो शेजारणींना म्हणायची, "लोकांचे नवरे बायांच्या नादी लागतात, माझा मेला डबक्यांच्या नादी लागलाय. सवत असती तर झिंज्या तरी उपटल्या असत्या. तळ्याच्या काय उपटू?"

वेड्याला वेडा भेटतोच. सलाउद्दीनचा जोडीदार म्हणजे हिंमतराव. जवळच्या गावातला गुजर शेतकरी, पाटील घराण्याच्या धाकट्या पातीचा, म्हणजे शाखेचा. घरी चार बैलजोड्या, गळ्यात तुळशीची कंठी, आणि स्वभाव असा की हसायला लागला की शेजारचा बैलही मान वर करून बघायचा. दोघं लहानपणी एका शाळेत एका बाकावर मार खाऊन मोठे झाले होते. दरवर्षी थंडीत हिंमतराव दुकानासमोर येऊन उभा राहायचा, हातात काठी आणि दोरी बांधलेला पितळी लोटा, आणि विचारायचा, "सल्लू, यंदा कोनतं तळं?"

त्या दोघांनी किती तळी पाहिली म्हणता! एक सागाच्या रानात होतं, त्यात कासवंच कासवं. एक दोन टेकड्यांच्या बेचक्यात होतं, त्याच्यावर दुपारीसुद्धा ऊन पडत नसे. आणि एकदा एका गुराख्याच्या सांगण्यावरून दिवसभर काटेकुटे तुडवत गेले, तर तिथं भेगाळलेली कोरडी माती. सलाउद्दीनचं तोंड एवढंसं झालं. हिंमतरावानं जोडे काढले, त्या कोरड्या मातीत पाय पसरून बसला आणि म्हणाला, "वा! काय गार पाणी शे!" सलाउद्दीन इतका हसला की त्याला ठसका लागला. असा मित्र मिळायला नशीब लागतं, असं तो अख्तरबानोला कितीदा तरी म्हणाला होता.

जेवताना मात्र दोघं हातभर अंतर राखून बसत. ह्याची भाकरी ह्याची, त्याची त्याची. पाणी हिंमतराव आपल्याच लोट्यानं तळ्यातून काढून प्यायचा. तळ्याचं पाणी चालायचं, माणसाच्या हातचं चालायचं नाही. सलाउद्दीनला त्यात काही वावगं वाटत नसे. त्या काळी ते तसंच होतं आणि त्यावाचून मैत्रीचं काही अडत नव्हतं.

डोंगरातला गोवाल पावरा सलाउद्दीनला लाख द्यायचा, पुष्कळ वर्षांपासून. पळसाच्या फांद्यांवरची लाख खरवडून तो पायथ्याला आणे. सलाउद्दीन दर खेपेला विचारायचा, "वर आत तुमच्याकडे पाणी कुठं आहे रे?" आणि गोवाल दर खेपेला मान हलवायचा, "नाही. दगड आहेत." अहो, पाण्यावाचून माणसं राहतात होय? पण सलाउद्दीन कधी पुढं बोलला नाही. मग एका वर्षी गोवालच्या लेकीचं लग्न निघालं, आणि सलाउद्दीननं लग्न होतं त्या डोंगरातल्या सोयऱ्यांच्या वस्तीपर्यंत चालत जाऊन आपल्या हातानं तिच्या हातात बांगड्या भरल्या. एकसुद्धा तडकली नाही. गोवाल खूश झाला. निघताना त्याचा हात धरून म्हणाला, "थंडीत ये. पाणी दाखवतो. एकटा ये."

"माझा दोस्तही येईल," सलाउद्दीन म्हणाला. "त्याच्याशिवाय मी तळं बघत नाही."

गोवालनं त्याचा हात सोडला. मग म्हणाला, "त्याचा जिम्मा कुणाचा?"

"माझा."

हे बोलायला त्याला क्षणभरही लागला नाही. खरं सांगायचं तर त्याची चूक इथंच सुरू झाली, पण दोस्तासाठी जिम्मा घेताना विचार कोण करतं?

थंडीत दोघं गेले. मोहाची आणि अंजनाची झाडी, वाट म्हणावी अशी वाटच नाही. गोवाल पुढं, हे दोघं मागं. एक चढण चढून खाली पाहिलं आणि हिंमतराव काठी टेकून जागीच थबकला. खाली लांबरुंद तळं, चहूबाजूंनी रान, आणि पाण्याच्या बरोबर मध्ये एक वाळलेलं झाड उभं. साल गळून पांढरंफेक पडलेलं, आणि त्याच्या फांद्यांवर पाणकावळे पंख पसरून बसलेले. पलीकडच्या काठाशी बदकांचे थवेच्या थवे. त्यांच्या मागं गोवालचा पाडा, पाचसहा झोपड्या, आणि झोपड्यांमागं ज्वारीचा एक तुकडा.

तो तुकडा पाहिला आणि गोवाल का खोटं बोलत होता ते सलाउद्दीनला कळलं. ते सगळं सरकारी राखीव रान होतं. तिथं नांगर घालायला बंदी, झोपडी बांधायला बंदी. वरच्या कुणा साहेबाला पत्ता लागला असता तर पाडा एका दिवसात उठवला असता. तळं लपलं होतं म्हणून ती माणसं तिथं जगत होती.

काठावर आल्यावर गोवालनं पळसाच्या पानांचे दोन द्रोण केले. आपल्या हातानं ते तळ्यात बुडवून भरले. त्यांची रीत होती ती. पाड्याचं पाणी परक्याला दाखवायचं तर आधी ते त्याला पाजायचं. द्रोण पुढं करून गोवाल म्हणाला, "पाणी पोटात, वाट पोटात. वाट ओठावर आली तर हे पाणी तुमचं नाही."

सलाउद्दीननं पहिला द्रोण घेतला आणि एका दमात रिकामा केला.

दुसरा द्रोण हिंमतरावासमोर होता. हिंमतरावाचा हात कंठीकडे गेला. त्यानं द्रोणाकडे पाहिलं, गोवालच्या बोटांकडे पाहिलं, मग हळूच म्हणाला, "सल्लू, मन्हा गळामा कंठी शे रे. यान्हा हातनं कसं चालई?" आणि गंमत बघा, आपल्या लोट्यानं त्यानं त्याच तळ्याचं पाणी आधीच पोटभर पिऊन घेतलं होतं!

गोवालचा हात तसाच पुढं होता. पाणी द्रोणाच्या कडेवरून ठिबकत होतं. गोवालच्या तोंडावरचं हसू हळूहळू मावळत चाललं, आणि ते सलाउद्दीनला बघवेना. त्यानं पुढं होऊन तो द्रोण घेतला. "दे इकडे. त्याच्या वाटचं मी पितो."

"दोन्ही तुझ्या पोटात?" गोवालनं विचारलं.

"दोन्ही माझ्या पोटात."

गोवालनं मान डोलावली. संध्याकाळपर्यंत तिघं काठावर बसून राहिले. परतताना हिंमतरावाचे डोळे भरून आले होते. सलाउद्दीनच्या खांद्यावर हात टाकून तो म्हणाला, "मन्ही लाज राखी तू, भाऊ. हाई तळं मी कोणलेच सांगसू नही." सलाउद्दीनला त्या दिवशी परतीचा घाट जाणवलाही नाही.

पुढच्या पावसाळ्यात हिंमतरावाच्या गावचा म्हातारा पाटील वारला आणि पाटीलकीचा वाद उभा राहिला. एकीकडे थोरल्या पातीचा चुलतभाऊ चुडामण, दुसरीकडे हिंमतराव. ठरवणार प्रांतसाहेब, आणि साहेब थंडीत दौऱ्यावर यायचे होते. त्या वर्षी हिंमतराव दुकानासमोर आला तो काठी-लोटा न घेताच. "यंदा काही जमस नही, सल्लू. साहेबना मुक्काम शे."

"मग मी तरी कशाला जाऊ?" सलाउद्दीन म्हणाला. "तुझ्याशिवाय कसलं तळं?"

हिंमतराव त्याच्याकडे न बघता हसला आणि गेला. सलाउद्दीनला वाटलं, बिचारा वादानं थकलाय. अख्तरबानोला सांगून त्यानं त्याच्यासाठी दुवासुद्धा मागायला लावली.

दुवा लागू पडली म्हणायची. थोड्याच दिवसांत बातमी आली की पाटीलकी हिंमतरावाला मिळाली. लगेच निरोप आला, मंगलाबाईंना बांगड्या भरायच्यात, उत्तम जोड घेऊन या. मंगलाबाई म्हणजे हिंमतरावाची बायको. सलाउद्दीननं राखून ठेवलेली लाख काढली, जोड घडवले आणि आपलंच काही कार्य असल्यासारखा नवा सदरा घालून गेला.

ओसरीवर मंगलाबाई हात पुढं करून बसल्या. चेहरा आनंदानं फुललेला. "चांगल्या भरगच्च भरा, भाऊ. पाटलीन शे मी आते."

"ते काय सांगायला हवं? हातच्या कांकणाला आरसा कशाला?" सलाउद्दीन हसत म्हणाला आणि त्यांचा हात दाबून एकेक बांगडी चढवू लागला.

मंगलाबाईंच्या तोंडाला खळ नव्हता. चुडामण कसा फजीत झाला, साहेब कसे ओसरीवर येऊन बसले. "आन साहेब इतला खूश व्हयना, इतला खूश! चुडामणनी नुसता नजराणा लई जायेल व्हता. आमना यासनी काय करं माहीत शे? साहेबले डोंगरमा शिकारले लई गयात. असं तळं दखाडं, असं तळं, साहेब म्हणे जन्ममा देखं नव्हतं. पाण्यामा मझार एक धवळं झाड शे म्हने, त्यावर काळा पक्षी बठतंस. खरं का हो भाऊ? तुम्हीन बी देखं असाल ना?"

सलाउद्दीनच्या बोटांत बांगडी कट्कन तडकली.

"अगं बाई, वाढी गई," मंगलाबाई हळहळल्या. सवाष्णीच्या हातावरची बांगडी तडकली की वाढली म्हणायचं. इतक्या वर्षांत सलाउद्दीनच्या हातून कुणाची वाढली नव्हती. त्यानं तुकडे वेचले, दुसरी बांगडी काढली, ती चढवली. हात आपोआप काम करत होते. शेवटची बांगडी चढवून तो उठला.

हिंमतराव मागच्या वाड्यात बैलांजवळ उभा होता. डोक्याला नवा फेटा. सलाउद्दीनला पाहून तो हसला आणि त्याच्या तोंडाकडे बघून लगेच हसायचा थांबला.

"कोणतं तळं दाखवलं साहेबाला?" सलाउद्दीननं विचारलं.

हिंमतरावानं बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. "अरे, नुसता पक्षी मारात. त्यासनी वस्तीले कोणी हात लावा नही."

"साहेबानं वस्ती बघितली?"

"बघी तं बघी. तठे नांगर बी चाली ऱ्हायना व्हता. मी काय करू? साहेब चिडना. त्यान्हा माणसे उद्या जातीन, झोपड्या उठाडतीन. सरकारनं रान शे, सल्लू. आज ना उद्या व्हनारच व्हतं ते."

"आपण पाणी पोटात घेतलं होतं, हिंमत!"

आता ऐका हिंमतरावाचं उत्तर. तो रागावला नाही की ओशाळला नाही. शाळेत पाढा म्हणावा तसं सरळ बोलला. "आपण कोठे? तू. मी तं द्रोण हातमा बी लिधा नही. दोन्ही द्रोण तूच लिधात. मन्हावर कसानी शपथ?"

सलाउद्दीनच्या ध्यानात आलं. म्हणजे ह्यानं हे आधीच ठरवून ठेवलं होतं! रात्री अंथरुणावर पडून, कूस बदलत, ह्यानं हिशेब लावला होता की आपण तर प्यायलोच नाही. त्या दिवशी डोळे भरून आले होते ते काय मग? ज्याची लाज राखली त्यानंच केसानं गळा कापला. सलाउद्दीनला ओरडावंसं वाटलं, त्या फेट्याला हात घालावासा वाटला. पण तोंडातून एवढंच आलं, "वाट कशी सापडली तुला? मलासुद्धा परत सापडली नसती."

"गई साल येताना झाडेस्वर खुणा करी ठेयेल व्हत्यात," हिंमतराव म्हणाला. "आपले परत येवाले बरं म्हनीसन."

सलाउद्दीन बांगड्यांची पेटी तिथंच टाकून निघाला. घरी गेला नाही. तसाच नव्या सदऱ्यावर डोंगराच्या वाटेला लागला. साहेबाची माणसं उद्या निघणार होती. आपण आधी पोचलो तर पाडा निदान दाणे तरी उचलून पळेल, गुरं तरी लपवेल, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं. पायथ्याच्या एका ओळखीच्या घरी तो जेमतेम पाठ टेकायला थांबला आणि उजाडायच्या आत चालू लागला.

वाट शोधावी लागली नाही. अंजनाच्या, मोहाच्या खोडांवर माणसाच्या उंचीला जुन्या, चाकूनं खरवडलेल्या खुणा होत्या, आणि साहेबाच्या घोड्यासाठी फांद्या तोडल्याचे ताजे घाव. प्रत्येक झाडाजवळ सलाउद्दीनला आठवे, इथं हिंमतराव मागं राहिला होता. काय करतोस रे, असं विचारलं तर म्हणाला होता, जोड्यात खडा गेला. किती खडे गेले होते त्याच्या जोड्यात!

चढण चढून खाली पाहिलं तर झोपड्या नव्हत्या. कूड पाडून टाकलेले, छपराचं गवत पाण्यावर तरंगत होतं. साहेबाची माणसं त्याच्या आधीच, रातोरात पोचली होती. दोन शिपाई मोहाखाली विड्या ओढत बसले होते आणि पाड्यातली माणसं गाठोडी बांधत होती. ज्वारीचा तुकडा घोड्यांनी तुडवला होता. पाणकावळे उडून गेलेले, मधलं पांढरं झाड तेवढं उभं होतं.

गोवाल काठावर बसून दोरी वळत होता. सलाउद्दीन त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. चालून चालून त्याचा घसा कोरडा पडला होता.

"मी नाही सांगितलं, गोवाल."

गोवालनं मान वर केली. राग नव्हता त्याच्या डोळ्यांत, आणि तेच सहन होत नव्हतं. "मग कुणी?"

"माझ्या दोस्तानं. त्यानं मलाही फसवलं."

"त्याला मी पाणी दिलं नाही," गोवाल म्हणाला. "त्यानं घेतलंच नाही. त्याची माझी ओळख नाही. मी तुला दिलं. दोन द्रोण दिले."

"एक माझा होता. माझ्या द्रोणातलं काही बाहेर गेलं नाही, अल्लाची आण."

"मग दुसऱ्यातलं गेलं," गोवाल शांतपणे म्हणाला. "दुसराही तूच प्यायलास."

सलाउद्दीन खाली बसला, उठला. गोवालचं एक गाठोडं उचलायला वाकला, तर माहेरी आलेल्या गोवालच्या लेकीनं ते त्याच्या हातातून काढून घेतलं. तिच्या हातात त्यानंच भरलेल्या बांगड्या होत्या. ती माणसं गुरं हाकत पलीकडच्या टेकडीवर चढली आणि झाडीत दिसेनाशी झाली. कुठं जाणार ते त्यानं विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी कुणी सांगितलं नसतं.

समोर एवढं तळं पसरलं होतं. सलाउद्दीन पाण्यापर्यंत गेला, ओंजळ भरली आणि तशीच सोडून दिली. मग तो पार पायथ्याच्या नाल्यापर्यंत तहानलेलाच चालत आला.

वर्ष गेलं. लाख आता तो बाजारातून घेऊ लागला. डोंगराकडे तोंड करून बसायला नको म्हणून त्यानं दुकानातली बैठकसुद्धा फिरवून घेतली. अख्तरबानोला आधी बरं वाटलं, मग ती घाबरली. "जा की एखादं डबकं बघून या," ती स्वतःच म्हणायला लागली. तो हूं म्हणायचा.

थंडी पडली, ज्वारी घरात आली, आणि एका बाजाराच्या दिवशी हिंमतराव पाटील दुकानासमोर येऊन उभा राहिला. हातात काठी, पितळी लोटा. वर्षभरात तो थोडा वाळला होता. गावात मान होता, पण हसायला कुणी नव्हतं बहुतेक. चाचरत म्हणाला, "झायं ते झायं, सल्लू. यंदा कोनतं तळं?"

सलाउद्दीननं शेगडीवरची लाख बाजूला केली. उठला. शेजारच्या भेळवाल्याकडून पानाचा द्रोण मागून आणला, दुकानातल्या आपल्या मटक्यातून तो भरला आणि रस्त्यावर येऊन हिंमतरावासमोर धरला.

"एवढं पी. मग तू म्हणशील त्या तळ्यावर येतो."

बाजार भरलेला. मिरच्यावाल्या बाया, टांगेवाले, दोघं ओळखीचे पाटील, सगळे थांबून बघायला लागले. हिंमतरावाचा हात कंठीकडे गेला.

"सल्लू," तो हळूच म्हणाला, "लोके देखी ऱ्हायनात."

सलाउद्दीन तसाच उभा राहिला. काठावर गोवाल जेवढा वेळ हात पुढं करून उभा होता, तेवढा वेळ. पाणी द्रोणाच्या कडेवरून ठिबकत होतं. हिंमतराव त्याच्याकडे बघत होता, आणि त्या नजरेत काय होतं ते सलाउद्दीनला स्पष्ट कळत होतं. हा वाट बघत होता. मागच्यासारखंच मी पुढं होईन, दे इकडे म्हणेन आणि ह्याची लाज राखेन, ह्याची वाट बघत होता.

"तुझ्या वाटचं आता मी पिणार नाही, हिंमत," सलाउद्दीन म्हणाला.

त्यानं पाणी बांगड्या निववायच्या घमेल्यात ओतलं आणि शेगडीपाशी जाऊन बसला. हिंमतराव लोटा हातात धरून बराच वेळ रस्त्यात उभा होता. मग तो घराकडे गेला.